भोपाळहून इंदूरला आलेली दोन मुलं कोणाच्या यादीत?

हे प्रकरण एका कुटुंबाचं आहे. आई, मुलगी आणि मुलगा. तिघंही आज इंदूरच्या राजेंद्र नगर भागात राहतात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा, तिघंही भोपाळमध्ये होती. मुलगी चार वर्षांची होती. मुलगा आईच्या पोटात होता, तिसरा महिना चालू होता. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगा माझ्याकडे आला तो दम्याच्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन. वय चाळिशीला टेकलेलं, विडी-सिगारेट कधी नाही. थंडी सुरू झाली की खोकला आणि दोन जिने चढले की धाप. याआधी दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. पंप दिलेला होता, पण बरं वाटलं की तो बंद व्हायचा. एकाही चिठ्ठीवर त्याचा जन्म कुठला, हे नव्हतं. दम्याच्या रुग्णाला सहसा ते कोणी विचारत नाही.

तेव्हा जानेवारी २०२५ चालू होता. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून भोपाळहून इंदूरजवळच्या पीथमपूरला आणला होता आणि घरोघरी टीव्हीवर तेच चाललं होतं. पीथमपूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते, इंदूरमध्ये शहराला पाणी पुरवणाऱ्या यशवंत सागर तलावाची काळजी बोलून दाखवली जात होती. दुसऱ्या भेटीला काकू, म्हणजे मुलाची आई, सोबत आल्या. तपासणी होईपर्यंत गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हा पोटात होता तेव्हा मी तो गॅस घेतलाय. त्याला सांगितलं नव्हतं कधी."

मुलगा आईकडे बघत राहिला. भोपाळमध्ये जन्म झाल्याचं त्याला माहीत होतं, आई-वडील 'गॅसच्या वेळी' तिथे होते हेही माहीत होतं. पण ती आई-वडिलांची गोष्ट, आपण तर नंतर जन्मलो, असं त्याने धरलेलं होतं. मी काकूंना विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "मुलीचं लग्न व्हायचं होतं ना."

त्या एका वाक्याकडे पुढे परत येतो.

त्या रात्री काय झालं

कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आत रासायनिक प्रक्रिया भडकली आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेलं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो वर विरून न जाता वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत गेला. वाऱ्याने तो रेल्वे स्टेशनाकडे आणि जुन्या शहराकडे नेला. डोळे, नाक, श्वासनलिका, जिथे ओल असते तिथे तो लगेच झोंबतो आणि पेशी जाळतो. लहान मुलं जमिनीपासून कमी उंचीवर श्वास घेतात, भरभर घेतात, आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत ओढतात. एकाच खोलीत झोपलेल्या आई-वडिलांपेक्षा मुलाला जास्त मात्रा मिळू शकते ती यामुळे.

हे कुटुंब स्टेशनाजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतं. काकूंना आठवतं ते असं: कोणीतरी घरात मिरच्या जाळल्यात असं वाटून जाग आली, दार उघडलं तर गल्लीतून माणसं पळत होती. त्यांनी मुलीला पदरात गुंडाळलं आणि त्याही पळाल्या. ओला कपडा तोंडावर धरा, एवढं जरी कोणी ओरडून सांगितलं असतं तरी कित्येकांना कमी त्रास झाला असता. ते सांगणारं कोणी नव्हतं.

मुलगा जून १९८५ मध्ये जन्मला, वजनाने कमी. त्याचं जिवंत जन्मणंही गृहीत धरण्यासारखं नव्हतं. घटनेनंतर नऊ महिन्यांनी झालेल्या एका सर्वेक्षणात कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, त्या वेळी गर्भवती असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांच्यापैकी जवळपास ४४ टक्के गरोदरपणांत जिवंत मूल हाती आलं नाही. जी मुलं जिवंत जन्मली त्यांतली सुमारे १४ टक्के पहिल्या तीस दिवसांत गेली. काकूंचं घर त्या परिघाच्या थोडं बाहेर होतं. गल्लीतल्या आणखी दोघी तेव्हा गर्भार होत्या, त्यांचं काय झालं हे काकूंनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

ट्रंकेतले कागद

वडिलांची १९८७ मध्ये इंदूरला बदली झाली आणि घर हललं. वडील आता नाहीत. त्यांनी जपलेले कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि ते बघायला मी मुद्दाम घरी गेलो.

मुलीच्या नावाचं बरंच काही निघालं: भोपाळच्या सरकारी दवाखान्याचं बाह्यरुग्ण कार्ड, त्यावर डोळ्यांच्या मलमाची आणि खोकल्याच्या औषधाची नोंद, पुढे क्लेमचे कागद, नुकसानभरपाईची पावती. १९८५ च्या सुरुवातीला टाटा समाजविज्ञान संस्थेचे विद्यार्थी घरोघर सर्वेक्षणाला आले होते, त्यांच्यातली एक मुलगी आपल्याशी मराठीत बोलली, हे काकूंना लख्ख आठवतं. त्यानंतरही कोणीतरी वही घेऊन येऊन खोकला आहे का, डोळे कसे आहेत, असं विचारून जायचं.

मुलाच्या नावाचा गॅसशी संबंध सांगणारा एकही कागद नाही. जन्माचा दाखला, लसीकरणाचं फाटकं कार्ड आणि इंदूरच्या शाळेची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, एवढंच.

वही घेऊन येणाऱ्यांचं काम तेव्हा किती मोठं होतं, हे सांगायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भोपाळमध्ये संशोधन केंद्र उभं केलं आणि गॅसबाधित वस्त्यांतली सुमारे ८०,००० माणसं, तुलनेसाठी बाधा न झालेल्या भागातली सुमारे १६,००० माणसं, असा गट निवडून त्यांच्या तब्येतीचा माग ठेवायला सुरुवात केली. गरीब वस्त्यांमध्ये, उद्ध्वस्त शहरात, हे काम उभं करणं साधं नव्हतं, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा माग घराच्या दारापर्यंतचा होता. दारात दुसरा भाडेकरू दिसला की 'घर सोडून गेले' अशी नोंद होणार आणि माणूस हातातून सुटणार. १९९४ मध्ये परिषदेने तो अभ्यास थांबवला. काम राज्य सरकारच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे गेलं आणि २०१० मध्ये भोपाळला राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन झाली. १९९४ मध्ये आपली मुलगी चौदा वर्षांची होती, मुलगा नऊ वर्षांचा. मुलांच्या बाबतीत खरं काय ते कळायला जेव्हा सुरुवात होते, म्हणजे वयात येताना, त्याच वेळी मोठा अभ्यास थांबला.

हिरोशिमा-नागासाकीत हे वेगळ्या तऱ्हेने झालं. तिथे १९५० च्या जनगणनेच्या आधारे वाचलेल्यांची यादी तयार झाली आणि पुढे सुमारे १,२०,००० जणांचा कायमचा गट आखला गेला. स्फोटाच्या वेळी पोटात असलेल्या सुमारे ३,६०० मुलांचा गट स्वतंत्र ठेवला. जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची कोसेकी नावाची सरकारी नोंदवही असते. माणूस टोकियोला जाऊन राहिला तरी त्याच्या मृत्यूची नोंद त्या वहीत होते आणि अभ्यासकांपर्यंत पोहोचते. गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात किरणोत्सर्ग झाला तर मेंदूच्या वाढीवर सर्वांत जास्त परिणाम होतो, हे आज पाठ्यपुस्तकात आहे ते त्या स्वतंत्र गटामुळे. इटलीत सेवेसो इथे १९७६ च्या जुलैमध्ये कारखान्यातून डायऑक्सिन हे विषारी रसायन पसरलं तेव्हा लोकांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. वीस वर्षांनी स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास सुरू झाला तेव्हा कोणाच्या शरीरात किती विष गेलं होतं, हे त्या जुन्या नमुन्यांतून मोजता आलं. भोपाळच्या मुलांसाठी असा आधार नंतर कितीही पैसे ओतले तरी तयार करता येत नाही. त्या रात्री कोण किती बाधित झालं, हे आता घर कुठे होतं यावरूनच ताडावं लागतं.

तपासणी

प्रगतिपुस्तकं खूप उपयोगी पडली. आपल्याकडच्या शाळा पूर्वी उंची-वजनाचा रकाना नेमाने भरायच्या. मी मुलाची दरवर्षीची उंची वाढीच्या तक्त्यावर मांडत गेलो. पहिलीपासून रेघ खालच्या पट्ट्यात होती, पण सरळ होती. सातवी ते दहावी या काळात, जेव्हा मुलगे झपाट्याने वाढतात, ती आणखी खाली गेली. वडील चांगले उंच होते, हा त्यांच्या खांद्याला लागतो. बहिणीच्या उंचीत असं काही नाही.

हे बघून मला २००३ मध्ये 'जामा' या अमेरिकन नियतकालिकात आलेला छोटा शोधलेख आठवला. भोपाळच्या संभावना क्लिनिकच्या मंडळींनी १४१ किशोरवयीन मुला-मुलींची मापं घेतली होती. गॅसबाधित आई-वडिलांच्या मुलग्यांची वाढ खुंटलेली दिसली, मुलींची नाही. एका मुलाचा तक्ता त्या निष्कर्षाशी जुळला म्हणून काही सिद्ध होत नाही. घरात खाण्यापिण्याची ओढाताण होती का, वारंवार आजारपणं झाली का, हेही बघावं लागतं, आणि लहानपणी याला छातीची दुखणी बरीच झाली होती.

श्वासमापन चाचणीत मुलाच्या फुफ्फुसांची क्षमता त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला अपेक्षित असते तिच्या पाऊण पटीच्या आसपास आली. पंप दिल्यावर थोडी सुधारली, पूर्ण नाही. बहिणीला दमा म्हणावा असं काही नाही, पण बारीक श्वासनलिकांतून हवा अडखळत बाहेर पडते आणि डोळे कायम चुरचुरतात.

चाळिशीत हे का दिसतं? फुफ्फुसातल्या वायुकोशांची मोठी भर जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते. मग विशीपर्यंत क्षमता वाढत जाते, आणि पंचविशीनंतर प्रत्येकाची हळूहळू उतरू लागते. ज्याची चढण मुळातच कमी झाली, तो तरुणपणी धडधाकट दिसतो, क्रिकेट खेळतो, कोणाच्या लक्षात काही येत नाही. उतरण मात्र त्याची खालून सुरू होते आणि धाप लागण्याची रेषा तो इतरांच्या दहा-पंधरा वर्षं आधी ओलांडतो. म्हणून आपत्तीनंतर पाच-दहा वर्षांनी 'मुलं ठीक आहेत' असं लिहून फाईल मिटणं हे मुलांच्या बाबतीत फार घातक आहे.

आता यात एक गुंता आहे. मुलगा पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, आणि मधली काही वर्षं तो रंगाच्या विभागात होता. गाड्यांच्या टिकाऊ रंगात जो हार्डनर मिसळतात त्यात डायआयसोसायनेट असतात. भोपाळचा वायू आणि हे पदार्थ एकाच रासायनिक घराण्यातले आहेत, तरी वेगळे आहेत. मात्र कामाच्या जागी होणाऱ्या दम्याचं डायआयसोसायनेट हे जगभरातलं एक मोठं कारण आहे. लहानपणापासून नाजूक असलेल्या श्वासनलिका घेऊन हा माणूस त्याच फवाऱ्यापाशी उभा राहत होता. त्याला भरती करताना वैद्यकीय तपासणी झाली होती. जन्माचा इतिहास त्या फॉर्मवर विचारलेलाच नव्हता.

"मग हे गॅसमुळेच ना?"

काकूंनी हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला. त्यांना ठाम उत्तर हवं आहे, आणि त्यांचा तो हक्क आहे. मी देऊ शकलो ते एवढंच: शक्यता खरी आहे, रंगाच्या कामाचाही वाटा असू शकतो, आणि एका माणसाची तपासणी करून दोन्ही वेगळं काढता येत नाही. ते वेगळं करतात मोठे गट. हजारो मुलांचा चाळीस वर्षं माग राहिला असता तर भोपाळमध्ये पोटात असलेल्या, पण रंगाचं काम कधीही न केलेल्या शेकडो माणसांची फुफ्फुसं आज कशी आहेत हे मला तक्त्यात बघता आलं असतं आणि काकूंना आकड्यानिशी सांगता आलं असतं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि इतर सरकारी आकडेवारी वापरून एक अभ्यास केला. भोपाळपासून १०० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यातल्या, १९८५ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे त्या रात्री पोटात असलेल्या पुरुषांमध्ये काम करण्यात अडथळा आणणारं अपंगत्व जास्त, शिक्षण कमी आणि कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. महत्त्वाचं काम आहे. पण अशा सर्वेक्षणातली माहिती माणूस आज जिथे राहतो त्या ठिकाणावर टिपलेली असते. इंदूर भोपाळपासून जवळपास १९० किलोमीटरवर. इथे वाढलेला, इथलाच पत्ता असलेला आपला मुलगा त्या मोजणीत बाधित म्हणून दिसणं अवघडच.

कायद्याच्या बाजूलाही त्याचं तेच झालं. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांचा विचार केला होता. तेव्हा लक्षणं नसलेल्या पण पुढे आजारी पडू शकणाऱ्या, आणि बाधित आईपोटी नंतर जन्मणाऱ्या, अशा सुमारे एक लाख जणांसाठी सरकारने आठ वर्षांचा गट आरोग्य विमा उतरवावा असा आदेश होता. तो विमा उतरवलाच गेला नाही. मार्च २०२३ मध्ये भरपाई वाढवून मागणारी याचिका फेटाळताना त्याच न्यायालयाने या हलगर्जीपणावर बोट ठेवलं. एक लाख जणांचा आठ वर्षांचा विमा म्हणजे एक लाख जणांच्या आठ वर्षांच्या नोंदी झाल्या असत्या. उपचारांचं नुकसान झालंच, ज्ञानाचंही झालं. कचऱ्याचे बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात, रस्ते मोकळे करून, भोपाळपासून पीथमपूरपर्यंत पोहोचवले गेले. हे करता येतं, तर मुलांचा माग ठेवणं आपल्या आवाक्याबाहेरचं होतं असं मला कोणी सांगू नये.

लग्न व्हायचं होतं

आता काकूंच्या त्या वाक्याकडे येतो. गॅसच्या वस्तीतली मुलगी म्हणजे मूल होईल की नाही, झालं तर कसं होईल, ही कुजबुज भोपाळमध्ये होतीच. इंदूरला आल्यावर या कुटुंबाने ठरवून टाकलं की भोपाळचा विषय घराबाहेर काढायचा नाही. मुलीच्या सासरी आजही तिच्या नवऱ्याखेरीज कोणाला माहीत नाही. तिची मासिक पाळी वर्षानुवर्षं अनियमित होती. तिने डॉक्टरांना तेवढं सांगितलं, पण मूळ इतिहास सांगितला नाही.

माग ठेवण्याच्या योजना आखणारे हे विसरतात. माणसं फक्त पत्ता बदलल्यामुळे हरवत नाहीत, ती स्वतःला लपवतातही, आणि त्यांना तसं करायला सबळ कारण असतं. ज्या नोंदीमुळे स्थळ मोडू शकतं, नोकरी जाऊ शकते, ती नोंद कोणी करू देणार नाही. म्हणून नोंद कोण बघणार आणि कोण बघणार नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि त्या बदल्यात माणसाला काहीतरी मिळावं लागतं: फुकट तपासणी, औषध, ओळखीचा डॉक्टर. वही घेऊन येणारा फक्त माहिती घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्या वर्षी दार उघडत नाही.

काय केलं, काय करायचं आहे

मुलाला रंगाच्या विभागापासून कायम दूर ठेवावं असं पत्र दिलं. कारखान्याने त्याला आधीच भांडारात घेतलं होतं, ते तसंच ठेवलं. पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. दरवर्षी फ्लूची लस, एकदा न्युमोनियाची. सहा महिन्यांनी परत श्वासमापन. बहिणीच्या डोळ्यांची आणि मोतीबिंदूची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे. पहिल्या सहा महिन्यांनंतर मुलाची क्षमता घसरलेली नाही, आणि खोकल्याने रात्री उठणं थांबलं आहे.

दोघांसाठी एकेक पान तयार केलं: त्या रात्री घर कुठे होतं, वय किंवा गर्भाचा महिना किती, तिथे किती काळ राहिले, त्यानंतरचे सगळे पत्ते, कामाचा इतिहास, वाढीचा तक्ता, चाचण्या. ते पान त्यांच्या स्वतःच्या हातात आहे, आणि आयुष्मान भारत डिजिटल आरोग्य खात्यालाही जोडलं आहे. हे खातं संमतीशिवाय कोणाला उघडत नाही, म्हणून मुलगीही तयार झाली. तिच्या मुलीचंही पान उघडावं का, यावर नवरा-बायकोचं बोलणं चालू आहे.

या डिजिटल खात्यात आपत्तीच्या संपर्काचा वेगळा, ठरावीक रकाना असायला हवा, आणि भोपाळच्या राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्थेने बाहेरगावच्या डॉक्टरांकडून संमतीने आलेल्या अशा नोंदी स्वीकारायला हव्यात. भोपाळमधले गॅसराहत दवाखाने भोपाळकरांसाठी आहेत. तिथून उठून इंदूर, नागपूर, जळगाव, पुण्याला गेलेल्यांसाठी आज त्या नव्या गावातला डॉक्टर हाच एकमेव दुवा आहे.

तोपर्यंत आपल्यापैकी जे प्रॅक्टिस करतात त्यांना विनंती आहे. छातीचा, डोळ्यांचा किंवा पाळीचा जुना त्रास घेऊन आलेला रुग्ण १९८५ च्या अखेरीआधी जन्मलेला असेल, तर त्याला एवढं विचारा: १९८४ च्या डिसेंबरमध्ये तुम्ही कुठे होतात, आणि तुमची आई कुठे होती? भोपाळ असं उत्तर आलं, तर मोहल्ल्याचं नाव लगेच लिहून घ्या. आई हयात असेल तर तिला पुढच्या भेटीला बोलवा, कारण गर्भाचा महिना आणि त्या रात्रीची वाट तिलाच सांगता येते, आणि त्या आया आता साठीला टेकल्या आहेत किंवा तिच्या पुढे गेल्या आहेत.